पोहे साडेसातला, मॅचही साडेसातला

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६१ वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते. घरी हे आहेत (बँकेतून रिटायर), धाकटा मुलगा, सून आणि तिसरीतली नात. थोरला अमेरिकेत. २०२२ मध्ये थोरल्या सुनेच्या बाळंतपणाला सिएटलला गेले, सहा महिने राहिले. बाळाला मांडीवरच झोपायची सवय, खाली ठेवलं की जागं. मग मी रात्री दोन-दोन तास सोफ्यावर. हलायची सोय नाही, समोर टीव्ही, आवाज बंद. त्यावर तिथल्या मरिनर्स टीमची बेसबॉलची मॅच चालू असायची. थोडं मुलाने सांगितलं, थोडं बघून बघून कळलं. ३० सप्टेंबरच्या रात्री कॅल रॅले नावाच्या मुलाने अगदी शेवटी असा होमरन (आपला षटकार म्हणा) मारला की मी ओरडले आणि बाळ उठलं. तेव्हापासून मी मरिनर्सची.

परत येऊन तीन वर्षं झाली. ॲपचे पैसे भरून मॅच बघते. सिएटलची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, सात-साडेसात. तीच आमच्याकडे पोह्यांची वेळ. चौतीस वर्षं पोहे मीच केले. आता मॅच असली की एका हातात मोबाइल. एकदा मोहरी जळली, एकदा पोहे भिजवायचेच राहिले. तिथे दुपारची मॅच असली तर आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन होतात, तेव्हाही उठते. बीपीची गोळी चालू आहे. ऑक्टोबरात एक मॅच नऊऐवजी पंधरा इनिंगची झाली. साडेपाचला बसले ती साडेदहाला उठले. घरच्यांनी बाहेरून पोहे-जलेबी आणून खाल्ले, मला ठेवलीसुद्धा नाही.

हे म्हणतात, "म्हातारपणी काय गिल्ली-दांडू बघून राहिलीस!" सून तोंडावर बोलत नाही, पण तिच्या आईला फोनवर सांगताना ऐकलं, "आईंचं जरा काहीतरी झालंय."

गेल्या दिवाळीत हद्द झाली. मी टीमची टोपी देवघरात ठेवली होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही टोरांटोकडून हरलो. मी रडले. हे ओरडले, की आजच्या दिवशी घरात रडायचं, आणि देवाजवळ टोपी, चाललंय काय! त्यात टोरांटोच्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर नाचणाऱ्या माकडाचं स्टिकर टाकलं. मी ग्रुप सोडला, अजून परत गेले नाही. पुढे टोरांटो फायनल हरलं त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. कारण कोणाला सांगितलं नाही.

थोरला आता टेक्ससला गेला. म्हणतो, "आई, मी हल्ली बघतच नाही." मग मी कोणासाठी बघून राहिले? माझं खरंच चुकतंय का? आणि एक राहिलं. खजराण्याला गणपतीच्या मागच्या भिंतीवर मी उलटा स्वस्तिक काढून आले होते. त्याचं आता काय करू?

रामबागेतली मरिनर्सवाली

उत्तर

मरिनर्सवाल्या ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी गराडू (थंडीतला आपला कंद) सोलत होते. तेल लावलेल्या हातांनीच वाचलं, त्यामुळे त्याची आता पारदर्शक झालेली दोन पानं माझ्या टेबलावर आहेत. मधली दोन छापली नाहीत, त्याबद्दल माफ करा. २०२५ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान तुमच्या रॅलेला न मिळता न्यूयॉर्कच्या आरन जजला मिळाला, पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३, हे मला कळलं. तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं तेही कळलं. छापण्यासारखं नव्हतं.

मी बेसबॉल आयुष्यात पाहिला नव्हता. पण ज्या मॅचसाठी एक बाई लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रडते ती न बघता तिला उत्तर लिहायचं, हे काही मला बरं वाटेना. नातवाला म्हटलं, लाव ती. २१ ऑक्टोबरची, आपल्या पहाटे साडेपाचनंतर सुरू झालेली. (लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला, यावर इंदुरात घरोघरी जो वाद झाला तो आठवतो. तुमच्याकडे पंचांगाप्रमाणे २१ धरलेली दिसते. २० ची धरली असती तर निदान तो एक आरोप वाचला असता.) निकाल मला माहीत होता, तरी बघताना पाय पोटाशी घेऊन बसले. ज्युलिओ रॉड्रिगेझचा होमरन, मग रॅलेचा, तुम्ही ३-१ ने पुढे. सातवी इनिंग. आणखी आठ गडी बाद केले की संपलं. मरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि तिथल्या तीस टीमपैकी वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे तिथल्या फायनलचं, तोंडही न पाहिलेली टीम हीच एक. आणि तेवढ्यात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने दोन जण बेसवर (धावेच्या वाटेवर) असताना चेंडू प्रेक्षकांत पाठवला. तिघांच्या तीन धावा. ४-३. नातू म्हणाला, "आजी, तुला माहीत होतं ना?" माहीत होतं. तरी हातातला चहा तसाच गार झाला.

तेव्हा रडलात त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पूजन संध्याकाळी होतं, तोवर डोळे कोरडे झालेच असतील.

आता तुमच्या घराकडे वळते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बेसबॉल हा शब्द दोनदाही सापडत नाही, पोहे मात्र चार वेळा आलेत. माझ्या मते हे सगळं भांडण पोह्यांचं आहे. चौतीस वर्षं जी बाई सकाळी साडेसातला पातेल्यावर पोहे वाफेला ठेवून उभी असायची, ती अचानक दिसेनाशी झाली. म्हणजे दिसते, पण तिचं लक्ष नाही. घराला हे पचत नाही. तुम्ही त्याच वेळी पोथी वाचत असतात तर मोहरी जळल्याची गोष्ट कौतुकाने सांगितली असती. आई किती तल्लीन होतात पाहा! भजनी मंडळाला जात असतात तर सुनेने तिच्या आईला काही सांगितलं नसतं.

माझ्या वडिलांनी तरुणपणी मुश्ताक अलींना यशवंत क्लबच्या मैदानावर खेळताना पाहिलं होतं. मुश्ताक अली आपले इंदूरचे, हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको. ते क्रीझ सोडून फास्ट बोलरच्या अंगावर कसे चालून जायचे, हे आमचे बाबा छत्री हातात घेऊन, पायजम्यात, स्वयंपाकघराच्या दारात करून दाखवायचे. आठवड्यातून एकदा तरी. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसच्या संघाविरुद्ध मुश्ताक अलींना वगळलं, तेव्हा कोलकात्याच्या लोकांनी 'नो मुश्ताक, नो टेस्ट' म्हणून निवड करणाऱ्यांना घेरलं आणि त्यांना परत घ्यायला लावलं. ही गोष्ट सांगताना बाबांचा गळा दाटून यायचा. स्वतः कधी कोलकात्याला गेले नव्हते! आणि पाठीमागे आमची आई हातात उलथनं घेऊन उभी, की ह्यांची छत्री खाली येऊ दे म्हणजे मला पोळी वाढता येईल. बाबांना कोणी म्हटलं नाही की यांचं जरा काहीतरी झालंय. त्याला शौक म्हणायचे. आईला कशाचा शौक होता ते आम्हा भावंडांपैकी कोणीच विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

यजमान गिल्ली-दांडू म्हणतात ना, त्यांना एकदा विचारा, १९४५ च्या रणजी फायनलला होळकर संघाकडून नाबाद २४९ कोणी काढल्या? ते लगेच सांगतील, डेनिस कॉम्प्टन. लढाईच्या काळात इकडे फौजेत असलेला इंग्रज, एरवी तिकडे आर्सेनलकडून फुटबॉल खेळणारा. होळकर तरी ३७४ धावांनी हरले, मुंबई जिंकली. पण त्या इंग्रजाला अख्ख्या इंदूरने आपला म्हटलं, आणि त्याच्या हरलेल्या मॅचचं कौतुक ऐंशी वर्षांनीही चालू आहे. मग सिएटलचा एक मुलगा तुम्ही आपला म्हटलात तर काय बिघडलं? एवढं बोला आणि थांबा. त्यांना बेसबॉल पटवायला जाऊ नका. त्यांना पटला तर ते तुम्हालाच समजावून सांगायला लागतील, आणि ते जास्त वाईट.

तुम्ही विचारलंत, कोणासाठी बघते. या प्रश्नावर मी जरा अडले, कारण त्याचं एक गोड उत्तर तयार आहे: नातवासाठी, मांडीवरच्या त्या रात्रींसाठी, दूर गेलेल्या मुलासाठी. तुमच्या सुनेला हे सांगितलं तर तिचे डोळे भरून येतील आणि सगळं माफ होईल. सांगू नका. कारण ते खरं नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. खरं असतं तर मुलगा बघायचा थांबल्यावर तुम्हीही थांबला असतात. अथर्वशीर्ष शिकवणारे गुरुजी पुण्याला गेले म्हणून आपण म्हणायचं सोडतो का?

तुम्ही रॅलेबद्दल जे लिहिलंत ते मी इथे सांगतेच, कारण पत्रातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे आणि जागेसाठी मला तो कापावा लागला. तुम्ही लिहिलंत की मैदानावरचे आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा, तुमचा रॅले तोच) एकटा उलट्या दिशेला. त्यामुळे सगळं मैदान फक्त त्यालाच दिसतं. कुठला चेंडू टाकायचा ते तो सुचवतो, चुकलेला चेंडू अंगावर घेतो, आणि लोक बघतात पिचरकडे, म्हणजे बोलरकडे. आणि तो हे सगळं उकिडवं बसून करतो, मॅचभर ऊठबस, शंभराच्या वर वेळा. "माझ्याच्याने तर आता देवापुढेही उकिडवं बसवत नाही," असं तुम्ही लिहिलंत. मग हाच माणूस उठून बॅट घेतो आणि एका मोसमात ६० होमरन मारतो! कॅचरने एका मोसमात मारलेले याआधीचे सर्वाधिक होते ४८. साठ किंवा त्याहून जास्त मारणारे तिथल्या सगळ्या इतिहासात मिळून सात जण, त्यातला हा एक. आणि जुलैत नुसत्या होमरनची जी स्पर्धा असते, त्यात त्याला चेंडू टाकायला त्याचे वडील आणि मागे कॅचर म्हणून धाकटा भाऊ. तीही तो जिंकला. तुम्ही लिहिलंत, "सगळं घर त्याच्यासाठी मैदानात उतरलं. आमच्याकडे कोणी जलेबी ठेवत नाही."

हे वाक्य विनोदाने लिहिलंय, पण मी ते विनोदाने वाचलं नाही.

म्हणून हे करून पाहा. आत्ता थंडी आहे, मार्चअखेरीपर्यंत मॅच नाहीत, घर शांत आहे, बोलायला हीच वेळ बरी. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि सगळ्यांसमोर खुणा करा. मोसमात १६२ मॅच असतात, त्यातल्या निम्म्या, ८१, सिएटलला. त्यातल्याही संध्याकाळच्या तेवढ्या आपल्या सात-साडेसातला पडतात. तेवढ्या दिवशी पोहे दुसरं कोणीतरी करेल. टीम पूर्वेकडे, न्यूयॉर्क-बोस्टनला खेळायला गेली की मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होते. हल्ली पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावल्यापासून मॅच पावणेतीन तासांत आटोपते, म्हणजे पोह्यांच्या वेळेला तुम्ही मोकळ्या. हा हिशोब बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला आवडेल. त्यांनाच करायला सांगा. आणि पोहे चाळणीत धुऊन पाच मिनिटं निथळत ठेवायला कुठलीही बँकिंग परीक्षा लागत नाही. जिरावन मसाला वरून घालायचाच आहे, त्यात चुका झाकतात.

मोबाइल हातात धरून फोडणी मात्र बंद. एकतर मॅच, नाहीतर गॅस. हे मी तुमच्या टीमच्या बाजूनेच सांगतेय.

आता जिथे तुमचं चुकतंय ते. रात्री पावणेदोनला उठणं ताबडतोब थांबवा. बीपीची गोळी चालू असताना आठवड्यातून दोनदा झोपेचं असं खोबरं करायचं, हा शौक राहिला नाही, हट्ट झाला. दुपारच्या मॅच सकाळी पूर्ण बघायला मिळतात. फक्त कोणी स्कोअर सांगू नये म्हणून तोवर फोनचे बाकीचे मेसेज उघडू नका. आणि तुमच्या घरात स्कोअर सांगणारं आहेच कोण!

आहे म्हणा, एक जण. टोरांटोचा भाचा. ताई, तुमच्या अख्ख्या खानदानात ज्याने ती मॅच बघितली असा तो एकटाच माणूस, आणि त्यालाच तुम्ही सोडून बसलात? बाकीच्यांना तर तुम्ही का रडलात ते समजावून सांगावं लागलं. त्याला न सांगता कळलं, म्हणून तर त्याने माकड नाचवलं. आणि फायनलमध्ये त्यांची टीम सातव्या मॅचला, अकराव्या इनिंगपर्यंत जाऊन लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ५-४ ने हरली, तेव्हा तो पोरगा कसा बसला असेल याची कल्पना रामबागेत फक्त तुम्हाला होती. तुम्ही खीर केलीत! मी हसले, खोटं कशाला बोलू. पण आता पुरे. ग्रुपवर परत जा. मनधरणीची वाट बघू नका, सुनेला म्हणा मला ॲड कर. आत गेल्यावर पहिलं काम, त्या खिरीचा फोटो असेल तर तो भाच्याला पाठवा, तारखेसकट. तो समजेल. माझी खात्री आहे, मार्चनंतर थोरल्यापेक्षा त्याच्याशी तुमचं जास्त बोलणं होईल. थोरल्याला या विषयातून मोकळं करा. त्याच्याशी नातवाबद्दल बोला, टेक्ससच्या उकाड्याबद्दल बोला. तो जिथे गेलाय तिथली टीम तुमच्याच गटातली, मरिनर्सची प्रतिस्पर्धी, हे उगाच काढू नका. त्याला ते माहीतही नसेल.

सुनेबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंय. तिने तिच्या आईला जे सांगितलं त्यात मला काळजी जास्त ऐकू आली, चेष्टा कमी. सासू तीन वर्षं पहाटे उठून कानात काहीतरी घालून एकटीच पुटपुटते, मध्येच टाळी वाजवते, तर कोणालाही वाटेल. तुम्ही तिला कधी सांगितलंत का, काय बघता ते? पत्रात तसा उल्लेख नाही. मला वाटतं नाही सांगितलं, आणि न विचारल्याचा राग मात्र धरलाय. एकदा कानातलं काढून आवाज मोठा करा.

आणि नातीला उन्हाळ्याच्या सुट्टीत वही द्या. स्कोअर लिहायची पद्धत तुम्ही शिकलाच आहात. पिचर १, कॅचर २, असे नऊ जणांचे नऊ आकडे. तिसरीतल्या मुलीला हे आपल्यापेक्षा लवकर येतं. बॅटवाला तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून बाद झाला की इंग्रजी के लिहायचा, आणि नुसता बघत उभा राहून बाद झाला की तोच के उलटा लिहायचा. माझ्या नातवाला हे इतकं आवडलं की त्याने घरातल्या सगळ्यांना उलटे के देऊन टाकले. मला दोन मिळाले.

टोपीचं. देवघरात नको, हे यजमानांचं मला पटतं, पण त्यांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही. तेलाच्या दिव्याजवळ कापडाची टोपी ठेवू नये, पेटते. खुंटीवर ठेवा, येता-जाता दिसेल अशी. दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत खुशाल मांडा. आमच्याकडे मिक्सर मांडतात, तर टोपीने काय घोडं मारलंय? शिवाय ऑक्टोबरातच खरी गरज असते, दसरा बरोबर वेळेवर येतो.

राहिला स्वस्तिक. हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारलाय, पण पत्र त्यासाठीच लिहिलं असावं असा मला संशय आहे. खजराण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे: उलटा काढायचा आणि इच्छा पुरी झाली की जाऊन सरळ काढायचा. पुरी नाही झाली तर काय करायचं याबद्दल रीत काही सांगत नाही. मुदतही घातलेली नाही. मी माझ्या वहिनीला विचारलं, ती दर बुधवारी जाते. तिने आधी विचारलं, "नवस कशाचा होता?" मी म्हटलं, एका टीमने वर्ल्ड सिरीजला पोचावं असा. ती म्हणाली, "जिंकावं असा की पोचावं असा?" मग मलाही प्रश्न पडला. तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही.

पोचावं असा असेल तर तसाच राहू द्या, पुढच्या ऑक्टोबरापर्यंत. जिंकावं असा असेल तरी तसाच राहू द्या. फक्त एकदा मोकळ्या दिवशी जाऊन तो अजून दिसतोय का ते बघून या. त्या भिंतीवर गर्दी फार असते, कोणीतरी आपला त्यावर काढला असेल. जाताना यजमानांना बरोबर न्या. कशाला, ते रिक्षात बसल्यावर सांगा.